नऊ फूट सात इंचांचं गॅरेज

भाड्याचं घर बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न का नाही केलं हेही विचारलं नाही. मी फाटकाशी माझी जुनी छोटी गाडी लावत होते. शेजारच्या सीटवर आई होती. तेवढ्यात ते आतून आले, शर्टाच्या खिशातून मोजायची टेप काढली, माझ्या गाडीच्या मागच्या चाकाशी वाकले आणि म्हणाले, "मॅडम, हे टायर आतल्या अंगाने झिजतंय. कधीपासून?"

"अंदाजे सहा महिने झाले असतील."

"अंदाजे नको. आठवून सांगा. तोवर आमच्या ह्या तुम्हाला घर दाखवतील."

घर मिळालं. आम्ही तिथे नऊ वर्षं राहिलो. म्हणजे आई सहा आणि मी नऊ. त्या घरमालक काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तरी अजून कोणी माझ्यासमोर 'अंदाजे' म्हणालं की मला आधी त्यांचा चेहरा दिसतो. कपाळावर एक आठी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत थांबायची तयारी.

देवळाली गावातून कॅम्पाकडे जाताना आतल्या एका गल्लीत ते घर होतं. खाली काका आणि काकू, वर आम्ही दोघी. आम्ही मूळच्या सटाण्याकडच्या. मी नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि काचबिंदूने आईला जवळजवळ दिसेनासं झालं तेव्हा तिला मी माझ्याकडे आणलं होतं. काका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेऊन निवृत्त झालेले. तीस वर्षं शिकवल्यामुळे ते सगळ्या जगाशी वर्गातल्यासारखंच बोलत. मिसळ खायला गेले तर आधी टेबल हलतंय का बघायचे, खिशातून कागद काढून त्याची घडी पायाखाली सारायचे, आणि मगच तर्रीचं नाव काढायचे. लग्नाला गेले तर आहेर देण्याआधी स्टेजच्या मागे जाऊन खाली वाकून फळ्या कशा बांधल्यात ते बघून यायचे. एका लग्नात त्यांनी फोटोसाठी चढलेले पंधरा पाहुणे खाली उतरवले होते. काकू मला हे सांगताना कपाळावर हात मारून घेत. "नवरीकडचे लोक मला विचारतात, हे कोण? मी म्हटलं, मी नाही ओळखत."

काकांकडे एक जीप होती. लष्कराच्या लिलावातून फार पूर्वी घेतलेली, वर पत्र्याचं टप बसवलेली. रविवारी ती भगूरपर्यंत जाऊन यायची. बाकी सहा दिवस तिचं काहीतरी उघडलेलं असायचं. तिकडे लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव चालायचा, घरातल्या कपबशा किणकिणायच्या, आणि खाली गॅरेजमध्ये काका चाकं लावलेल्या फळीवर उताणे पडून जीपच्या पोटाखाली सरकलेले असायचे. बाहेर फक्त दोन पाय दिसत.

एका दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, काकूंची हाक आली. मी धावत खाली गेले. काकांचे दोन पाय नेहमीसारखे बाहेर होते, पण हलत नव्हते.

"गुडघे आखडलेत," जीपखालून आवाज आला. अगदी शांत आवाज. "घाबरू नका. मॅडम, आधी हँडब्रेक बघा. मग पुढच्या चाकाला लाकडाचे ठोकळे आहेत का ते बघा. आहेत? आता दोघींनी एकेक पाय धरा. एकदम ओढायचं. मी तीन म्हणेन."

आम्ही दोघींनी त्यांना ओढून बाहेर काढलं. त्यांच्या गालावर ग्रीस होतं आणि डोळ्यांत पाणी. दुखत असणार. उठून बसायला त्यांना पाच-सात मिनिटं लागली. मग काकू म्हणाल्या, "यापुढे तुम्ही ह्या गाडीखाली गेलात ना, तर मी जीप भंगारात घालीन. सांगून ठेवते."

"मी नाही जाणार खाली," काका म्हणाले. "जीप वर जाईल."

घरच्या गॅरेजसाठी लिफ्ट घ्यायचं तेव्हा ठरलं. घ्यायची ठरली त्या दिवसापासून ती प्रत्यक्ष येईपर्यंत दोन वर्षं गेली.

काकांचा मुलगा पुण्याला. त्याने फोनवरच विरोध केला. "बाबा, घरात कोणी असली लिफ्ट बसवतं का? गाडी सरळ गॅरेजला टाका."

"गॅरेज म्हणजे काय रे? जिथे लिफ्ट असते ते. मग बसवली की झालं आपलंही गॅरेज."

पुढे दोन वर्षं रविवारी काका लिफ्ट बघायला जायचे. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ गाडी चालवता येत नसे, म्हणून माझी गाडी आणि मी. सातपूर झालं, अंबड झालं, द्वारकेच्या आसपासची गॅरेजं झाली, ओझरपर्यंत जाऊन आलो. काकू दारात उभं राहून म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणाले होते. आणि आता बघा."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. काकांनी मला सगळं शिकवलं. चार खांबांची लिफ्ट म्हणजे पलंग. गाडी तिच्यावर चाकांवरच उभी राहते, ठेवायला बरी, पण चाकं मोकळी होत नाहीत, त्यामुळे ब्रेकचं काम करायला अडचण. दोन खांबांची लिफ्ट हातांनी उचलते. बाळाला काखेत धरून उचलावं तशी गाडी चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, धरून उचलते, चाकं लोंबती राहतात, आणि खाली मधोमध सगळं रिकामं. माणूस सरळ उभा राहून काम करू शकतो. तिसरी कात्रीची. जमिनीवर एक चपटा पाट असतो, तो कात्रीसारखा उघडत वर येतो. ती कमी उंचीची, आणि गाडीच्या पोटाचा मधला भाग तिच्या पाटाखाली झाकला जातो.

काकांचं मन दोन खांबांवर बसलं होतं. "एकदा त्या जीपचा गेअरबॉक्स मला सरळ उभं राहून उतरवायचाय," ते म्हणायचे. "आयुष्यभर झोपून उतरवला."

विकणाऱ्यांना ते दोन प्रश्न विचारायचे. पहिला: गाडी वर असताना वीज गेली, तर खाली कशी आणायची? एकाने सांगितलं, जनरेटर घ्या. त्याचा चहा न पिता आम्ही निघालो. दुसरा प्रश्न विचारायचे ते गाडी वर चढवायला लावून. "आता तुम्ही खाली उभे राहा." सूटबूटवाले हसायचे, घड्याळ बघायचे, कोणी कामगाराला पुढे करायचे. काका तेवढ्यावर परत फिरायचे. "गाडीखाली जो शिरतो तो कोणाचा तरी बाप असतो, कोणाचा तरी मुलगा असतो," ते गाडीत बसताना म्हणायचे. "हे स्वतः शिरत नाहीत आणि मला सांगतात निर्धास्त राहा."

एकदा मी विचारलं, "काका, तुमच्या वर्गात कधी अपघात झाला होता का?"

"एकही नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांत एकाचंही बोट गेलं नाही. त्यासाठी रोज भीती वाटून घ्यावी लागते, मॅडम. फुकट होत नाही ते."

पेठ रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये जे झालं ते मी विसरूच शकत नाही. तिथे दोन खांबांची लिफ्ट होती म्हणून आम्ही बघायला गेलो होतो. मालक बाहेर फोनवर बोलत होता. आत एक चाळिशीचा मेकॅनिक एक मोठी गाडी वर चढवत होता. लिफ्ट वर जाताना, गाडी खाली घसरू नये म्हणून दोन्ही खांबांत असलेल्या कुलपांचा आवाज येतो, टक, टक, टक. काका दारातच थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

"गाडी खाली घ्या," ते म्हणाले.

मेकॅनिकने वळून पाहिलं. "काय झालं?"

"दोन्ही खांबांचा आवाज एकदम यायला पाहिजे. एक मागे पडतोय. खाली घ्या."

मालक आत आला. "ओ काका, तुम्ही गिऱ्हाईक का इन्स्पेक्टर? रोज चाललीय लिफ्ट. दौलत, तू तुझं काम कर."

दौलत पाना घेऊन गाडीखाली गेला. त्याच्या मागोमाग काका गेले. हळूहळू, एक गुडघा धरत, आणि त्याच्या शेजारी उभे राहिले.

"काका, तुम्ही बाहेर या," मालक म्हणाला.

"हा आहे ना इथे? मग मीही आहे. याला चालतं ते मला चालतं."

"अहो, काय झालंबिलं तर—"

"म्हणजे होऊ शकतं."

मी दारात. काका गाडीखाली हात मागे बांधून उभे, जसे ते वर्गात परीक्षेच्या वेळी उभे राहत असतील. दौलतला काय करावं कळेना. तो एकदा मालकाकडे बघे, एकदा काकांकडे. शेवटी तोच म्हणाला, "शेठ, घेतो मी खाली. मला बी आता नीट वाटत नाय."

गाडी खाली आली. काकांनी खांबाचं झाकण उघडायला लावलं. एका बाजूची केबल सैल झाली होती आणि त्या खांबातलं कुलूप खाचेत पूर्ण बसतच नव्हतं, नुसतं कडेवर टेकत होतं. मालकाने ते पाहिलं. मग चहा सांगितला. काकांनी तो घेतला. दौलत त्यांच्या बाकाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "सर, माझी दोन पोरं कळवणला हायेत. आज घरी फोनवर काय सांगू?"

"काही सांगू नकोस," काका म्हणाले. "रोज सकाळी आवाज ऐकत जा."

त्यानंतर दौलत अधूनमधून आमच्याकडे यायला लागला. काकांना कोणीच 'सर' म्हणत नव्हतं आता. तो म्हणायचा.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा लिफ्ट ठरली. अंबडच्या एका छोट्या कारखान्यात बनवलेली, दोन खांबांची. तिथली विक्रीची जबाबदारी एका पंचविशीतल्या इंजिनिअर मुलीकडे होती. काकांनी दुसरा प्रश्न विचारायच्या आतच ती वर चढवलेल्या टेम्पोखाली जाऊन उभी राहिली आणि तिथूनच माहिती सांगायला लागली. काका तिच्याकडे बघतच राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "लिफ्ट हिचीच घ्यायची."

मग काकांनी गॅरेजचं छत मोजलं. त्यांनी ते पूर्वीही मोजलं असणार. पण माणूस एखाद्या गोष्टीवर जीव लावून बसला की नको ते आकडे बाजूला ठेवतो; काकाही शेवटी माणूसच. छत नऊ फूट सात इंच. टपासकट जीप सहा फूट चार. म्हणजे जीप फक्त सव्वातीन फूट वर जाणार, आणि तिच्या पोटाखाली पावणेपाच फूट जागा राहणार. काकांची उंची पाच फूट सात. दहा इंच कमी पडत होते. शिवाय त्या लिफ्टचे खांबच पावणेबारा फुटांचे. आखूड खांबांचीही एक जात होती, पण तिचा लोखंडी उंबरठा जमिनीवरून आडवा जातो, आणि खाली मान वाकवून उभं राहायचं ते वेगळंच.

एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने वर बघितलं आणि एका वाक्यात उत्तर दिलं. "स्लॅब तोडा. वर उंच पत्रा टाकून देतो."

त्या स्लॅबवर आमचं स्वयंपाकघर आणि आमची लांबोडी खोली होती.

हे मला काकूंकडून कळलं. मटार सोलता सोलता त्यांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. "अजून ठरलेलं नाही काही," त्या म्हणाल्या. पण काकांचं ठरायला दोन वर्षं लागली होती आणि ठरलेलं त्यांनी कधी बदललेलं मी पाहिलं नव्हतं.

मी रागावले नाही. घर त्यांचं, छत त्यांचं. आयुष्यभर झोपून काम केलेल्या माणसाला एकदा उभं राहायचं होतं. पण मला आईची काळजी होती. त्या घरातली प्रत्येक वस्तू तिने हाताने पाठ केली होती. कुठे ओटा, कुठे खिडकी, कुठे माठ. माझ्या मदतीशिवाय ती तिथे चहा करायची. मी दोन घरं बघून आले. दुसऱ्या घराला तिला घेऊन गेले, तर आत शिरतानाच उघड्या दाराच्या कडेला तिचं कपाळ आपटलं. गाडीत बसल्यावर पदराने कपाळ दाबून ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "आते कोठे जावानं, बाई?"

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन काकांना सांगितलं, "आम्ही घर सोडतो. तुम्ही काम सुरू करा. दोन महिने द्या फक्त."

काका टेप गुंडाळत होते. ती गुंडाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आजींच्या कपाळाला काय लागलंय?"

मी सांगितलं.

"दार आत उघडणारं होतं का बाहेर?"

"बाहेर."

"चूक आहे," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

पुढचे आठ दिवस ते कोणाशी नीट बोलले नाहीत. जीप बाहेर रस्त्यावर काढून ठेवली. रिकाम्या गॅरेजमध्ये ते स्टुलावर बसून असायचे. कधी वर बघत, कधी खाली. काकू चहा ठेवून यायच्या आणि गार झालेला परत आणायच्या.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "मॅडम, कात्रीची घेतोय."

"पण तुम्हाला तर—"

"गुडघे," ते म्हणाले. "उभं राहवतं कुठे मला? सव्वातीन फूट वर आली की चाकांच्या स्टुलावर बसून आरामात काम. मी उगाच दोन वर्षं खांबांच्या मागे लागलो होतो. घर बघणं बंद करा."

मी वर जाऊन आईला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. तिने ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हाऊ मानूस भला शे."

मग गॅरेजची जमीन उकरणं आलं. जुनं काँक्रीट किती जाड आहे हे बघायला काकांनी स्वतः छिन्नीने भोक पाडलं, ते चार इंच निघालं, आणि त्यांनी सगळी जमीन नव्याने घालून घेतली. एकवीस दिवस ते तिच्यावर पाणी मारत होते. कोणाला पाय ठेवू दिला नाही. पुण्याहून आलेल्या मुलालाही घरात मागच्या दाराने यावं लागलं.

लिफ्ट बसवायला ती इंजिनिअर मुलगी स्वतः आली. दौलत रजा घेऊन आला. जीप पाटावर चढवली, बटण दाबलं, आणि ती काहीही न कुरकुरता वर गेली. कुलपांचा एकच आवाज आला. काका सगळ्यांना मागे सरकवून, स्टूल ढकलत पहिल्यांदा तिच्याखाली गेले. बसले. वर हात करून त्यांनी चेसीला हात लावला. काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या.

दौलत वाकून आत बघत म्हणाला, "सर, पण गेअरबॉक्स? तो तर पाटाच्या वर आला. उतरवायचा कसा?"

"चांगला आहे तो," काका म्हणाले. "माझ्याहून जास्त टिकेल."

दौलतने आणखी काही विचारायच्या आत त्यांनी त्याला पाना आणायला पाठवलं.

काही महिन्यांनी गच्चीत पापड वाळत घालताना काकूंनी मला ठेकेदाराची गोष्ट सांगितली. तो दोरी आणि चुना घेऊन आखणी करायला आला होता. काकांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. तो म्हणाला, अहो, भाडेकरूच ना, दुसरीकडे जातील. काका एवढंच म्हणाले, वर माणसं राहतात.

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"गुडघे तर दुखतातच गं त्यांचे," काकू म्हणाल्या. "खोटं नाही बोलत ते. अर्धं सांगतात."

लिफ्टवर नुसती जीप चढत राहिली असती तर ते काका नव्हते. गल्लीतल्या रिक्षा यायच्या, दूधवाल्याचा टेम्पो यायचा. माझी गाडी तर सगळ्यांत आधी. त्यांनी माझ्याकडूनच ऑइल बदलून घेतलं, ब्रेकचे लायनर काढून दाखवायला लावले, आणि मी नट उलट्या बाजूला फिरवला की "विज्ञान शिकवता ना?" एवढंच म्हणायचे. मला आठवतं, पहिल्यांदा माझ्याच गाडीखाली बसून मी वर बघितलं. इतकी वर्षं जिच्यात बसून फिरले तिचं पोट मी कधी पाहिलंच नव्हतं. चिखलाने माखलेलं, एका ठिकाणी दगडाने ठेचलेलं. काका म्हणाले, "बिचारी. सांगणार कोणाला?"

लिफ्ट आल्यानंतर तिसऱ्या वर्षी, श्रावणात, आई गेली. फार त्रास झाला नाही. तीन दिवस ताप आणि चौथ्या दिवशी सकाळी. काकू माझ्याजवळ वर झोपायला आल्या. काका रोज जिना चढून यायचे, दारात उभे राहायचे आणि खाली जायचे. त्या गुडघ्यांनी अठरा पायऱ्या.

दिवस-कार्य झालं, सटाण्याचे नातेवाईक परतले. घरात मी एकटी. एका रविवारी सकाळी मी खाली गेले. काका लिफ्टपाशी स्टुलावर बसले होते. जीप वर होती, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

"काका, मला एक बोलायचं होतं," मी म्हटलं. "आता माझं काही अडत नाही. मला एक खोलीसुद्धा पुरेल. शाळेजवळ बघते. तुम्ही स्लॅब तोडून घ्या. दोन खांबांची बसवा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गुडघ्यांसाठी घेतली मी ही."

"काकूंनी सांगितलंय मला."

"तिच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले. चष्मा हातात तसाच धरून पुढे म्हणाले, "खोली बघायला जाऊ नका. आजकालची बांधकामं तुम्ही बघितलीत. दारं बाहेर उघडतात."

मी हसले आणि मला रडूही आलं. बाजूला उलटी ठेवलेली बादली होती, तिच्यावर मी बसले. काकांनी वर छताकडे पाहिलं.

"आजींची काठी," ते म्हणाले. "रोज सकाळी साडेपाचला. मी तेव्हा चहा घेऊन इथे बसतो, तुम्हाला माहीत नसेल. ओट्यापासून खिडकीपर्यंत जायच्या. तेरा ठोके. खिडकीशी थांबायच्या, मग परत ओट्याकडे. परत येताना चौदा."

मी बादली त्यांच्याजवळ सरकवली.

"सहा वर्षं ऐकलं. जाताना तेरा, येताना चौदा. एक दिवस चुकलं नाही. मला वाटलं माझंच मोजायला चुकतंय. तुम्ही शाळेत गेल्यावर एकदा वर येऊन, आजींना विचारून, टेप लावून बघितली. अंतर तेच. त्यांचं पाऊल तेवढंच. हिशेबाने दोन्ही वेळा तेराच यायला पाहिजेत." त्यांनी मान हलवली. "तो एक ठोका कुठून यायचा ते मला कळलं नाही. विचारायचं राहून गेलं."

मला माहीत होतं. माझी खाट खिडकी आणि ओट्याच्या मध्ये, भिंतीला लागून होती. खिडकीशी उभी राहून बाहेरचा गारवा कळला की आई परत फिरायची, आणि चहा ठेवण्याआधी वाट सोडून एक पाऊल माझ्याकडे वळायची. हाताने चाचपून बघायची, गोधडी अंगावर आहे का. सरकलेली असली तर नीट करायची. मी बहुतेक वेळा जागी असायची. डोळे मात्र उघडत नसे.

मी काकांना तसं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि हळूच म्हणाले,

"मग बरोबर आहे. चौदाच."